विश्लेषण : ‘सर्वांत दूरची दीर्घिका’ हे ठरते कसे? फोटोनंतर वर्णपट का लागतो?

‘आजवरची सर्वांत दूरची दीर्घिका सापडली’ ही बातमी २०२२ पासून दर काही महिन्यांनी येते. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने टिपलेला एक लालसर ठिपका, त्याभोवती काढलेला चौकोन आणि ‘विश्व अवघे काही कोटी वर्षांचे असताना’ अशी ओळ, हे सारे आता वाचकांच्या ओळखीचे झाले आहे. यातल्या काही बातम्या टिकल्या. काही साफ चुकल्या आणि त्या चुकल्या हे वेबनेच दाखवून दिले. निकाल लागला तो एका गोष्टीमुळे : त्या ठिपक्याचा वर्णपट काय सांगतो.

१६ चे ४.९ कसे झाले?

वेबची पहिली छायाचित्रे जुलै २०२२ च्या दुसऱ्या आठवड्यात प्रसिद्ध झाली. पुढच्या काही दिवसांत इंटरनेटवर शोधनिबंधांची रीघ लागली. त्यात एडिनबर्ग विद्यापीठातील संशोधकांच्या गटाने ‘सीअर्स-९३३१६’ या दीर्घिकेबद्दल केलेला दावा सर्वांत गाजला. या दीर्घिकेचा प्रकाश महास्फोटानंतर केवळ २३.५ कोटी वर्षांनी निघाला असावा, असे त्यांचे गणित होते. विश्वाचे आजचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे, हे लक्षात घेतले की दाव्याचे वजन कळते. शिवाय दीर्घिका बरीच तेजस्वी होती. एवढ्या कमी काळात एवढे तारे तयार झालेच कसे, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

मार्च २०२३ मध्ये वेबने त्याच ठिपक्याचा वर्णपट घेतला. दीर्घिका निघाली महास्फोटानंतर सुमारे १२० कोटी वर्षांनंतरची. खगोलशास्त्राच्या भाषेत तिची ताम्रसृती १६ वरून थेट ४.९ वर आली. त्याच कार्यक्रमात ‘मेझीची दीर्घिका’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या दावेदाराचाही वर्णपट घेण्यात आला. ती मात्र कसोटीला उतरली : ताम्रसृती ११.४, म्हणजे महास्फोटानंतर सुमारे ३९ कोटी वर्षे.

एडिनबर्गच्या गटाचा निष्काळजीपणा झाला होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. हाताशी असलेल्या प्रतिमांवरून निघणारा तो सर्वांत संभाव्य निष्कर्ष होता. ‘ही दीर्घिका प्रत्यक्षात जवळची असू शकते’ अशी शंका घेणारे निबंधही त्याच सुमारास आले होते. आजूबाजूच्या काही दीर्घिका ताम्रसृती ४.९ च्या जवळपास दिसत होत्या, हा त्यातला एक मुद्दा. पण बातम्यांमध्ये विक्रम आला, शंका आली नाही.

ताम्रसृती म्हणजे नेमके काय?

दूरच्या दीर्घिकेकडून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत येत असताना मधले अवकाशच प्रसरण पावत असते. त्याबरोबर प्रकाशाची तरंगलांबीही ताणली जाते. निळा प्रकाश तांबड्याकडे सरकतो, तांबडा अवरक्तात जातो. या ताणाचे माप म्हणजे ताम्रसृती, इंग्रजीतला ‘रेडशिफ्ट’. हिशेब सोपा आहे. आकड्यात एक मिळवला की तरंगलांबी किती पट झाली ते कळते. ताम्रसृती ४.९ असेल तर ५.९ पट, १४ असेल तर १५ पट. ताण जितका जास्त तितका प्रकाश जुना.

पण प्रकाश किती ताणला गेला हे कळण्यासाठी तो मुळात केवढा होता हे माहीत हवे. तेथे वर्णपट उपयोगी पडतो. इलॅस्टिकच्या पट्टीवर पेनाने चार-पाच रेघा मारा आणि पट्टी ताणा. रेघा एकमेकींपासून दूर जातात, पण त्यांचा क्रम आणि त्यांच्यातल्या अंतरांचे परस्पर प्रमाण तसेच राहते. प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशात अशाच ठरावीक रेघा उमटवते आणि त्यांच्या मूळ जागा प्रयोगशाळेत मोजून ठेवलेल्या आहेत. ऑक्सिजनची एक ठळक रेषा ०.५००७ मायक्रॉनवर असते, हायड्रोजनची एक ०.६५६३ मायक्रॉनवर. सीअर्स-९३३१६ च्या वर्णपटात या रेषा सुमारे २.९६ आणि ३.८८ मायक्रॉनवर दिसतात. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर भागाकार करून पाहा; दोन्हींचे उत्तर ५.९ च्या आसपासच येते. दोन वेगळ्या मूलद्रव्यांनी दिलेली ही साक्ष जुळली की वाद उरत नाही.

मग फोटोवरून अंदाज का करतात?

कारण तो स्वस्त आणि झटपट असतो. एका फोटोत हजारो दीर्घिका येतात. वेगवेगळ्या रंगांच्या फिल्टरमधून एकच भाग टिपायचा आणि कोणता ठिपका कोणत्या फिल्टरमध्ये दिसेनासा होतो ते पाहायचे, ही पद्धत हबल दुर्बिणीच्या काळापासून वापरात आहे. अतिदूरच्या दीर्घिकांच्या बाबतीत ०.१२१६ मायक्रॉनपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश वाटेतला हायड्रोजन वायू गिळून टाकतो. त्यामुळे ताणलेल्या प्रकाशातही एक कडा तयार होते. कडेच्या एका बाजूला ठिपका दिसतो, दुसऱ्या बाजूला नाही. कडा २.१ मायक्रॉनच्या आसपास दिसली, तर ताण सुमारे १७ पट, म्हणजे ताम्रसृती १६.

गोची अशी, की अशीच दुसरी एक कडा ०.३६४६ मायक्रॉनजवळ असते. ती ताऱ्यांच्या वातावरणातील हायड्रोजनमुळे उमटते आणि धूळ असेल तर अधिक तीव्र भासते. ही कडा ५.९ पट ताणली तर तीही २.१५ मायक्रॉनवर येते. फोटोत दोन्ही सारख्याच दिसू शकतात. सीअर्स-९३३१६ च्या बाबतीत त्यावर आणखी एक योगायोग झाला. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या प्रखर रेषा नेमक्या पुढच्या फिल्टरांमध्ये पडल्या. त्यामुळे त्या फिल्टरांत दीर्घिका होती त्यापेक्षा जास्त उजळ दिसली आणि कडा खोटी खोटी खोल झाली.

फोटो पाहून एखाद्याचे वय सांगणे आणि जन्माचा दाखला पाहून सांगणे, यांत जेवढा फरक आहे तेवढाच हा. बहुतेक वेळा फोटोवरचा अंदाज जवळपास बरोबर येतो. पण ज्या दाव्यावर विश्वाच्या इतिहासाची फेरमांडणी करायची, तेथे दाखला मागायलाच हवा.

वेब हा दाखला मिळवते कशी?

येथे वेबच्या एका उपकरणाकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण छायाचित्रांच्या झगमगाटात ते झाकले जाते. त्याचे नाव ‘निरस्पेक’. युरोपीय अवकाश संस्थेने दिलेला हा वर्णपटमापक ०.६ ते ५.३ मायक्रॉनपर्यंतचा अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या तरंगलांबींत फोडतो. हबलचा मुख्य कॅमेरा साधारण १.७ मायक्रॉनवर थांबतो. ताम्रसृती १४ च्या दीर्घिकेची कडा १.८ मायक्रॉनच्या पुढे जाते. म्हणजे हबलने कितीही वेळ डोळे लावले असते, तरी ती दीर्घिका त्याला दिसलीच नसती.

खरी अडचण वेगळीच होती. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश इतका क्षीण, की एका वर्णपटासाठी तासन्‌तास लागतात. एकेक ठिपका घेत बसले तर दुर्बिणीचे आयुष्य पुरणार नाही. सगळ्यांचे वर्णपट एकदम घ्यावेत तर ते एकमेकांवर पडून काला होतो. यावर नासाच्या गोडार्ड केंद्राने सूक्ष्म झडपांची जाळी तयार केली. सुमारे अडीच लाख झडपा, प्रत्येक माणसाच्या दोन-चार केसांच्या जाडीएवढी. एक चुंबक जाळीवरून फिरतो आणि झडपा उघडतो. मग ज्या हव्यात त्या विजेच्या दाबाने उघड्या धरून ठेवल्या जातात, बाकीच्या मिटतात. हव्या त्या शंभराहून अधिक दीर्घिकांसमोरच्या खिडक्या उघड्या, बाकी सगळा अंधार. अवकाशातून असे एकाच वेळी अनेकांचे वर्णपट घेणारे हे पहिलेच उपकरण.

आणि हे सारे पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, उणे २३० अंश सेल्सियसच्या आसपासच्या थंडीत चालते. तेथे दुरुस्तीला कोणी जाऊ शकत नाही.

दाखला मिळालेल्या दीर्घिका काय सांगतात?

सगळे दावे पडले असते तर ही गोष्ट येथेच संपली असती. तसे झालेले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ‘जेड्स’ या सर्वेक्षणातील चार दीर्घिकांचे वर्णपट जाहीर झाले. त्यातल्या सर्वांत दूरच्या दीर्घिकेची ताम्रसृती १३.२ निघाली, महास्फोटानंतर सुमारे ३२ कोटी वर्षे. मे २०२४ मध्ये ‘जेड्स-जीएस-झेड१४-०’ आली. ही दीर्घिका आकाशात एका जवळच्या दीर्घिकेच्या अगदी शेजारी दिसत असल्याने तिच्याविषयी सुरुवातीला संशोधकांनाच शंका होती. जवळपास दहा तासांच्या निरीक्षणानंतर ताम्रसृती १४.३२ मिळाली. दीर्घिकेचा विस्तार सुमारे १,६०० प्रकाशवर्षे आहे. प्रकाश एवढ्या पसरट भागातून येतो, याचा अर्थ तो एखाद्या कृष्णविवराभोवतीच्या वायूचा नव्हे, तर मुख्यतः ताऱ्यांचा आहे. त्या ताऱ्यांचे वस्तुमान सूर्याच्या कोट्यवधीपट भरते.

वर्णपटातही उजवे-डावे असते, हे याच दीर्घिकेने दाखवले. तिचा १४.३२ हा आकडा मुख्यतः हायड्रोजनच्या कडेवरून काढलेला होता आणि ती कडा थोडी अस्पष्ट असते. पुढे चिलीच्या अटाकामा वाळवंटातील ६६ अँटेनांच्या ‘आल्मा’ रेडिओ दुर्बिणीने त्याच दीर्घिकेत ऑक्सिजनची रेषा शोधली. मुळात ८८ मायक्रॉनची ही रेषा ताणून १.३४ मिलिमीटरवर आली होती. मार्च २०२५ मध्ये नेदरलँड्समधील लायडन आणि इटलीतील पिसा येथील दोन गटांनी हा निष्कर्ष स्वतंत्रपणे जाहीर केला : ताम्रसृती १४.१८, अचूकता इतकी की एक किलोमीटर मोजताना पाच सेंटिमीटरचीच चूक व्हावी.

अंतरापेक्षाही तो ऑक्सिजन अधिक धक्कादायक होता. महास्फोटात हायड्रोजन, हेलियम आणि किंचित लिथियम एवढेच तयार झाले. ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात शिजतो आणि तारा फुटला की बाहेर येतो. म्हणजे विश्व ३० कोटी वर्षांचेही झाले नव्हते, तेव्हा या दीर्घिकेत ताऱ्यांची निदान एक पिढी जन्मून, जगून, मरून गेली होती. जड मूलद्रव्यांचे प्रमाण अपेक्षेच्या सुमारे दहापट निघाले. कोणत्याही छायाचित्रातून, ते कितीही देखणे असले तरी, हे कळले नसते.

मे २०२५ मध्ये ‘मॉम-झेड१४’ ही ताम्रसृती १४.४४ ची दीर्घिका जाहीर झाली. महास्फोटानंतर सुमारे २८ कोटी वर्षे. या गटाचे नेतृत्व मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे रोहन नायडू यांनी केले. सीअर्स-९३३१६ विषयी २०२२ मध्येच जाहीर शंका घेणाऱ्यांत हेच नायडू होते. त्यांच्या नव्या सर्वेक्षणाच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘मृगजळ की चमत्कार’ असा होतो. नाव गमतीचे असले तरी त्यामागे तो जुना अनुभव आहे. मॉम-झेड१४ मध्ये नायट्रोजन अनपेक्षितरीत्या जास्त आहे. असाच नायट्रोजन ‘जीएन-झेड११’ या हबलच्या काळातील विक्रमी दीर्घिकेतही वेबला सापडला होता (तिची ताम्रसृतीही वेबने ११.१ वरून १०.६ अशी दुरुस्त केली). सूर्याच्या हजारपट वा त्याहून जड तारे तेव्हा होते काय, हा प्रश्न या नायट्रोजनमुळेच पुढे आला आहे.

महास्फोट सिद्धान्त खोटा ठरला का?

समाजमाध्यमांवर हा प्रश्न वारंवार फिरतो. त्याचे थेट उत्तर ‘नाही’ असे आहे. पण ते का, हे समजून घेण्यासारखे आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘नेचर’ मध्ये सहा दीर्घिकांविषयीचा निबंध आला. महास्फोटानंतर ५० ते ७० कोटी वर्षांच्या काळातल्या या दीर्घिकांत सूर्याच्या १० हजार कोटीपटीपर्यंत वस्तुमानाचे तारे असावेत, असे त्यात म्हटले होते. एवढे वजन खरे मानले तर त्या काळी उपलब्ध असलेला जवळजवळ सगळा वायू ताऱ्यांत बदलला, असे मानावे लागते. म्हणून त्यांना ‘विश्वमोडू’ असे काहीसे नाव पडले. पण हे अंदाजही फोटोवरूनच काढलेले होते. पुढे वर्णपट घेतल्यावर त्यातली एक दीर्घिका बरीच जवळची, ताम्रसृती ५.६ ची निघाली आणि तिच्या प्रकाशात कृष्णविवराचा वाटा दिसला. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये असे कृष्णविवरवाले लाल ठिपके वेगळे काढले, तेव्हा उरलेल्या दीर्घिकांचे वजन प्रचलित सिद्धान्तात बसले.

तरीही एक पेच शिल्लक राहतोच आणि त्याच्यामागे वर्णपटांचा पुरावा आहे : महास्फोटानंतरच्या पहिल्या ३०-४० कोटी वर्षांत तेजस्वी दीर्घिका अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आहेत. त्यावर निरनिराळी स्पष्टीकरणे पुढे आली आहेत. तेव्हा ताऱ्यांचा जन्म संथपणे न होता उसळ्या मारत होत असावा. धूळ कमी असल्याने प्रकाश अडत नसावा. जड, प्रखर ताऱ्यांचे प्रमाण जास्त असावे. यातले सगळे दीर्घिका कशा घडतात याविषयीचे आहे. विश्व एका तप्त, दाट अवस्थेतून प्रसरण पावत आले, या मूळ चौकटीला त्यातून धक्का लागत नाही. तिचे आधार वेगळे आहेत. महास्फोटानंतर सुमारे ३.८ लाख वर्षांनी मुक्त झालेले सूक्ष्मलहरींचे प्रारण हा त्यातला प्रमुख.

महास्फोट सिद्धान्तावर प्रश्न विचारणे म्हणजे अडाणीपणा, असाही अर्थ काढू नये. पुण्यात ‘आयुका’ उभी करणारे डॉ. जयंत नारळीकर, ज्यांचे २० मे २०२५ रोजी निधन झाले, आयुष्यभर या सिद्धान्ताचे टीकाकार होते. फ्रेड हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये पर्यायी प्रतिमान मांडले. ते बहुसंख्य शास्त्रज्ञांना पटले नाही. पण ते गणितासह मांडलेले होते, त्यातून निघणारी भाकिते निरीक्षणांनी तपासता येत होती आणि ती तपासली गेली. यूट्यूबवरच्या ‘वेबने विज्ञान हादरवले’ छापाच्या व्हिडीओंत नेमके हेच नसते.

धुके कधी फिटले?

वर्णपटांनी उभा केलेला आणखी एक प्रश्न मार्च २०२५ मध्ये समोर आला. आरंभीचे विश्व उदासीन हायड्रोजन वायूने भरलेले होते. पहिल्या ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाने त्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटत गेले आणि सुमारे १०० कोटी वर्षांपर्यंत हे धुके फिटले. धुके असताना हायड्रोजनची ०.१२१६ मायक्रॉनची रेषा आपल्यापर्यंत पोहोचू नये. पण ‘जेड्स-जीएस-झेड१३-१’ या महास्फोटानंतर ३३ कोटी वर्षांच्या दीर्घिकेत ती ठसठशीत दिसली. दीर्घिकेने स्वतःभोवती धुक्यात मोठी पोकळी केली असणार, एवढे नक्की. ती एवढ्या लवकर कशी केली, ताऱ्यांनी की कृष्णविवराने, यावर वाद चालू आहे.

पुण्याच्या ‘अलकनंदे’चा दाखला बाकी

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या माहितीतून शोधलेली ‘अलकनंदा’ ही सर्पिल दीर्घिका प्रसिद्ध झाली. महास्फोटानंतर केवळ १५० कोटी वर्षांची, सुमारे ३० हजार प्रकाशवर्षे रुंद, दोन रेखीव बाहूंची. एवढी शिस्तबद्ध चकती घडायला बराच जास्त काळ लागतो, अशी आजवरची समजूत. दीर्घिका ‘एबेल २७४४’ या समूहाच्या मागे असल्याने त्या समूहाच्या गुरुत्वामुळे तिची प्रतिमा दुपटीने मोठी दिसते.

तिचे अंतर २१ फिल्टरांतील प्रतिमांवरून काढले आहे. फिल्टर इतके जास्त आणि त्यातले अनेक अरुंद असतील तर तो जणू ढोबळ वर्णपटच होतो; त्यामुळे सीअर्स-९३३१६ सारखी फसगत येथे होण्याची शक्यता फारच कमी. वर्णपट हवा आहे तो दुसऱ्या कारणासाठी. चकतीची एक बाजू आपल्याकडे येत असेल आणि दुसरी दूर जात असेल, तर दोन्हींकडच्या रेषा किंचित विरुद्ध दिशांना सरकतात. त्यावरून चकती किती वेगाने आणि किती शांतपणे फिरते ते कळेल आणि बाहू टिकाऊ आहेत की एखाद्या शेजारणीच्या ओढीने तात्पुरते उमटले आहेत, हे ठरवायला आधार मिळेल. हे काम निरस्पेक किंवा आल्मा करू शकते.

वेळ मिळवणे मात्र सोपे नाही. वेबच्या चौथ्या वर्षाच्या निरीक्षणांसाठी जगभरातून २,३७७ प्रस्ताव आले होते. मागणी सुमारे ७८ हजार तासांची. म्हणजे उपलब्ध प्रत्येक तासामागे नऊ तासांची मागणी. त्यात विक्रमी अंतराचे दावेदार, परग्रहांची वातावरणे, आपल्याच सूर्यमालेतील धूमकेतू, सगळे एकाच रांगेत. धुक्याचा, म्हणजे त्या उदासीन हायड्रोजनचा थेट वेध घेण्यासाठी ‘स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे’ ही रेडिओ दुर्बीण ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत उभी राहत आहे. केंद्र सरकारने तिच्यातील भारताच्या सहभागासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत आणि त्या कामाची सूत्रे अलकनंदा शोधणाऱ्या पुण्यातील याच केंद्राकडे आहेत.